मॅगझिनच्या तळाशी कोणाचा शिक्का?

पिस्तुलाला मूळ कंपनीचेच मॅगझिन (काडतुसे भरून मुठीत सरकवायची डबी) घ्यावे की बाहेरच्या कारखान्याचे स्वस्त मॅगझिनही चालते, हा अमेरिकेतील पिस्तूलधारकांमधला जुना आणि न संपणारा वाद आहे. एक बाजू म्हणते की ज्याने मॅगझिनवर दहा-पंधरा डॉलर वाचवले त्याने आपल्या जिवाची किंमत तेवढीच ठरवली. दुसरी बाजू म्हणते की पत्र्याची किंवा प्लास्टिकची एक डबी, एक स्प्रिंग आणि एक ठोकळा एवढ्या ऐवजावर कंपन्या नावाचे पैसे उकळतात. पुण्याच्या नाना पेठेत क्लच केबल मागितल्यावर ‘जेन्युइन देऊ की लोकल?’ हा प्रश्न ज्याने ऐकला आहे त्याला हे भांडण ओळखीचे वाटेल. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत. मॅगझिनवर कोणाचे नाव आहे यावरून ते चालेल की अडकेल हे ठरत नाही. ते कोणत्या ड्रॉइंगवरून बनले, त्या लॉटची (एकत्र बनलेल्या खेपेची) तपासणी कोणी आणि कशी केली, आणि ते अडकले तर उत्तर कोणाला द्यावे लागते, यावरून ते ठरते. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणतेही मॅगझिन, मग ते मूळ कंपनीचे का असेना, संशयितच मानावे असे माझे मत आहे. आणि बाहेरच्या मालाबाबत ही उत्तरे सहसा मिळत नाहीत हेही मी आधीच मान्य करतो.

मी बंदुकीचा शौकीन नाही. भोसरीत तीस वर्षे प्रेस टूल आणि पातळ पत्र्याचे पार्ट यांत घालवली, त्यामुळे मॅगझिन हातात आले की मला शस्त्र दिसत नाही, वाकवलेला पत्रा दिसतो. टेक्सासमध्ये राहणाऱ्या भाच्याकडे गेलो असताना तो मला एका सकाळी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने तिथे बंदूक किंवा काडतूस हाताळणे, काही अपवाद सोडले तर, तिथल्या केंद्रीय कायद्याला मंजूर नाही. म्हणून मी मागच्या बाकावर वही घेऊन बसलो आणि अडकण्याची नोंद ठेवली. भाच्याकडे एकाच पिस्तुलाची आठ मॅगझिने होती, तीन मूळ कंपनीची आणि पाच बाहेरची. त्याची तक्रार होती की ‘पिस्तूल अधूनमधून अडकते’. आम्ही प्रत्येक मॅगझिनच्या तळावर पांढऱ्या पेंट पेनने आकडा टाकला. दुपारपर्यंत वहीत सात नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या सहा नोंदी एकट्या चार नंबरच्या मॅगझिनच्या होत्या. घरी आल्यावर रिकाम्या मॅगझिनांना व्हर्नियर लावला, तेव्हा चार आणि पाच नंबर या एकाच पाकिटातून आलेल्या जुळ्या भावांच्या तोंडांच्या रुंदीत चार दशांश मिलिमीटरचा फरक निघाला. आमच्या दुकानात असा पार्ट गेजवरच (माप तपासायच्या साच्यावरच) अडकला असता आणि सुपरवायझरने तो लाल डब्यात टाकला असता.

चार दशांशांनी काय बिघडते, हे कळण्यासाठी मॅगझिनचे काम नीट पाहावे लागते. त्याच्या वरच्या कडा आत वळवलेल्या असतात; त्या ओठांनी वरचे काडतूस धरून ठेवायचे आणि नेमक्या क्षणी सोडायचे असते. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते आणि परत पुढे येते. हा सगळा फेरा सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. तेवढ्या वेळात खालच्या स्प्रिंगने फॉलोअरसह (काडतुसांखालच्या ठोकळ्यासह) उरलेल्या काडतुसांची रास वर उचलून पुढचे काडतूस स्लाइडच्या वाटेत आणून ठेवले पाहिजे. स्प्रिंग कमजोर असेल किंवा फॉलोअर आतल्या भिंतींना घासत असेल, तर काडतूस उशिरा पोचते आणि स्लाइड त्याच्या वरून निघून जाते किंवा त्याच्या मध्यावर आदळते. ओठ फाकलेले असतील तर काडतूस आधीच सुटते, तोंड वर करते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या, कडेवर उभे राहते. कधी दोन एकदम बाहेर येतात. ओठ जास्त आवळलेले असतील तर काडतूस उशिरा सुटून नाकावर पडते. म्हणजे पिस्तुलातले सर्वांत स्वस्त अंग सर्वांत कडक वेळापत्रकावर चालते, आणि ते खराब झाले की दोष मात्र पिस्तुलाला लागतो.

आता मूळ कंपनीच्या बाजूने जे सर्वांत वजनदार म्हणणे आहे, ते पूर्ण ऐकले पाहिजे. पिस्तूल ज्याने आखले त्याच्याकडे मॅगझिन ज्यात बसते त्या खाचेची, ते धरून ठेवणाऱ्या कॅचची आणि काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या उताराची, म्हणजे फीड रॅम्पची, ड्रॉइंग असतात, त्यांच्या टॉलरन्ससह (मापात चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेसह). बाहेरच्या कारखान्याला बाजारातून विकत घेतलेले नमुने मोजून मागे जावे लागते. पाच नमुने मोजले तर पाच मापे हाती येतात. कोणते माप मध्यावरचे आणि कोणते मर्यादेच्या काठावरचे हे त्या नमुन्यांवर लिहिलेले नसते. काठावरच्या नमुन्याला मध्य धरून कोणी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बनवली, तर त्याचा निम्मा माल सीमेपलीकडे जाईल आणि तरीही तो प्रामाणिकपणे म्हणेल की मी अगदी नमुन्याबरहुकूम केले. शिवाय मूळ कंपनी आपले डिझाइन न सांगता बदलत राहते. ग्लॉक पिस्तुलाच्या चौथ्या पिढीत मॅगझिन कॅच डाव्या हाताच्या माणसासाठी उलटा बसवण्याची सोय आली, तेव्हा मॅगझिनला दुसऱ्या बाजूनेही खाच पाडावी लागली. जुने मॅगझिन त्या पिस्तुलात चालते, पण कॅच नेहमीच्या बाजूला असला तरच. ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलात तर मॅगझिनचा पुढचा पृष्ठभाग थेट ट्रिगरच्या अनुभवात उतरतो, कारण मॅगझिन काढल्यावर पिस्तूल चालू नये म्हणून बसवलेला खटका त्या पृष्ठभागावर घासत असतो. खरखरीत लेपाचे मॅगझिन घातले की ट्रिगर खरखरतो आणि रिकामे मॅगझिन आपोआप खाली पडत नाही. नमुना मोजून बनवणाऱ्याला पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचे हे महत्त्व सुचेल कसे? म्हणून कोणी मला दुकानात उभे राहून एका शब्दात सल्ला मागितला, तर मीही ‘कंपनीचेच घे’ असेच म्हणेन.

पण एका शब्दाचा सल्ला म्हणजे सिद्धांत नव्हे, आणि घोळ इथेच होतो. मूळ निर्मात्याचा शिक्का ही हमी असती, तर पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच शोशा मशीनगनचे अर्धचंद्राकृती मॅगझिन इतके बदनाम झाले नसते. किती काडतुसे उरली ते दिसावे म्हणून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती, आणि खंदकांतला चिखल त्याच खिडकीतून आत गेला. ते कोण्या उपऱ्या कारखान्याचे नव्हते, त्या शस्त्रासोबत आखलेले होते. आपल्या इन्सास रायफलचे अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तडकत असल्याच्या तक्रारी आल्या, तेही सरकारी आयुधनिर्मितीचेच होते. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये बेरेटाचे पिस्तूल एम-९ या नावाने स्वीकारले. पुढे इराकच्या बारीक वाळूत त्याच्या मॅगझिनांतले फॉलोअर अडकू लागले, तेव्हा बोट बाहेरून कंत्राटावर बनवून घेतलेल्या मॅगझिनांकडे वळले, आणि ते बरोबरही होते. पण त्या मॅगझिनांवरचा खरखरीत फॉस्फेट लेप कंत्राटदाराच्या लहरीतून आलेला नव्हता, सैन्याच्या मागणीपत्रकात तो मागितलेला होता. वाळूचे कण खरखरीत भिंतीला धरून बसले. नंतर गुळगुळीत लेपाची मॅगझिने आली आणि तक्रार ओसरली. इथे दोष कोणाचा, बाहेरच्याचा की मागणाऱ्याचा? ‘कंपनीचे’ आणि ‘बाहेरचे’ या दोन खणांत हा प्रसंग बसतच नाही. इटलीच्या ब्रेशिया प्रांतातली मेक-गार ही कंपनी तर मॅगझिनेच बनवते, अनेक नामांकित पिस्तूल कंपन्यांना त्यांच्या शिक्क्यासह पुरवते आणि स्वतःच्या नावानेही विकते. ग्राहक एकाला ‘ओरिजनल’ म्हणतो, दुसऱ्याला ‘डुप्लिकेट’, आणि दोन्ही एकाच छपराखालून निघालेली असू शकतात.

स्वस्त मॅगझिनवाल्यांची बाजूही तितकीच नीट ऐकली पाहिजे, कारण त्यांच्याकडे एक मुद्दा असा आहे ज्याला ‘कंपनीचेच घ्या’ हे उत्तरच होत नाही: कंपनीच उरली नसेल तर? स्पेनच्या एइबार गावातला स्टार हा पिस्तुलांचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला. त्याची पिस्तुले आजही चालू आहेत, पण मॅगझिनचे ओठ आणि स्प्रिंग पिस्तुलाच्या आधी म्हातारे होतात. त्या मालकाने काय करावे? दुसरा मुद्दा असा की बाहेरचा माणूस कधीकधी मूळ कंपनीपेक्षा सरस काम करतो. एम-१६ रायफलचे ॲल्युमिनियमचे सरकारी मॅगझिन वजन वाचवण्यासाठी इतके पातळ केले होते की त्याचे ओठ हाताळणीतच वाकत. त्याच्या फॉलोअरचे रंग आणि आकार सैन्याला पुन्हा पुन्हा बदलावे लागले. २००७ मध्ये मॅगपुल या बाहेरच्या कंपनीने प्लास्टिकचे मॅगझिन आणले आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी मरीन कोअरने तेच अधिकृतपणे स्वीकारले. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष ‘बाहेरचे चालते’ असा नाही. मॅगपुलचे मॅगझिन स्वीकारले गेले ते सैन्याच्या चाचण्यांतून गेल्यावर, स्वस्त होते म्हणून नव्हे. आणि ज्या बाहेरच्या मालाचा बचाव या उदाहरणाने केला जातो, तो बहुतेक वेळा कोणत्याच चाचणीतून गेलेला नसतो.

स्वस्ताईच्या बाजूचा सर्वांत फसवा शब्द ‘फिट’ हा आहे. पाकिटावर लिहिलेले असते की हे मॅगझिन अमुक पिस्तुलात बसते, आणि ते खरोखर खट्‌कन बसतेही. बसणे आणि चालणे यांतले अंतर यंत्रनिर्मितीच्या इतिहासात फार जुने आहे. एली व्हिटनीने १७९८ मध्ये अमेरिकी सरकारकडून १०,००० मस्केटांचे (लांब नळीच्या जुन्या बंदुकांचे) कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ॲडम्स व भावी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यासमोर सुट्या भागांच्या ढिगातून वेगवेगळे खटके एकाच मस्केटला बसवून दाखवले. सुट्या भागांच्या अदलाबदलीचा जनक म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत गेले. पुढे अभ्यासकांनी त्याच्या कारखान्याच्या उरलेल्या मस्केटा तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत अदलाबदल होत नाहीत असे दिसले. खरी अदलाबदल साधली ती हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यात जॉन हॉलने १८२०च्या दशकात, आणि ती साधली गेजांच्या जोरावर: प्रत्येक मापाला एक गेज, प्रत्येक भाग त्या गेजवरून. प्रात्यक्षिकात बसलेला भाग आणि गेजवरून उतरलेला भाग यांतला फरक ग्राहकाला पाकीट हातात घेऊन कसा कळणार?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘माझे तर दोनशे गोळ्यांत एकदाही अडकले नाही’. या वाक्याने हा वाद जितका बिघडवला आहे तितका दुसऱ्या कशाने बिघडवलेला नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एखादी गोष्ट २०० वेळा करून एकदाही बिघाड दिसला नाही, तर बिघाडाचे खरे प्रमाण शून्य आहे असे सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा की तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागावे. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण त्या आकड्याहून जास्त नाही. २०० गोळ्यांना तो आकडा दीड टक्का येतो. दीड टक्का किरकोळ वाटतो. पण १५ काडतुसांचे मॅगझिन सलग रिकामे करताना त्या दराने कुठेतरी एकदा अडकण्याची शक्यता वीस टक्क्यांवर जाते. शिवाय त्या दोनशे गोळ्या चार मॅगझिनांत वाटलेल्या असतात. प्रत्येकाच्या वाट्याला ५० आल्या की प्रत्येकाबद्दलची मर्यादा सहा टक्क्यांवर जाते. भाच्याचीही हीच गफलत झाली होती: आठ मॅगझिनांची सरासरी काढली तर त्याचे पिस्तूल बरे होते, आणि चार नंबरचा दोष इतर सातांच्या चांगुलपणात विरघळून गेला होता. आकडा टाकल्याशिवाय तो दिसलाच नसता. अर्थात हीच कसोटी मूळ कंपनीच्या भक्तांनाही लागू होते, कारण ‘वीस वर्षांत कधी अडकले नाही’ म्हणणाऱ्याने त्या वीस वर्षांत किती गोळ्या झाडल्या हे तो सहसा सांगत नाही. १९११ च्या मार्चमध्ये शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलाने अमेरिकी सैन्याच्या चाचणीत ६,००० फैरी न अडकता झाडल्या, तेव्हा त्या मोजायला परीक्षक मंडळ हजर होते.

त्याच पिस्तुलाची पुढची गोष्टही या वादात यायला हवी. ब्राउनिंगने त्याचे मॅगझिन सात काडतुसांसाठी आखले. पुढे बाजारात त्याच उंचीत आठ बसवणारी मॅगझिने आली. आठव्याला जागा कुठून मिळते? फॉलोअर आखडून आणि स्प्रिंग अधिक दाबून. स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने थकते ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. आखलेल्या मर्यादेत ती वर्षानुवर्षे दबून राहू शकते, तिला थकवते ते वारंवार दबणे-सुटणे. पण मर्यादेच्या काठापर्यंत दाबलेली स्प्रिंग बसते, म्हणजे तिची मोकळी लांबी कायमची घटते, हे स्प्रिंगवाला कोणीही सांगेल. चांगल्या कारागिरांनी आठाचे मॅगझिनही भरवशाचे केले आहे, ते वेगळ्या आकाराचा फॉलोअर आणि चांगली तार वापरून. नक्कल करणाऱ्यांनी मात्र आठचा आकडा उचलला आणि तार जुनीच ठेवली.

इथवर ग्राहकांचे भांडण झाले. यात सार्वजनिक प्रश्न आहे तो पुढे. काडतुसाचे आणि चेंबरचे माप अमेरिकेत १९२६ पासून सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते, युरोपात १९१४ पासून सी.आय.पी. ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते, म्हणूनच ९ मि.मी.चे काडतूस कोणत्याही देशाचे असले तरी त्याची कमाल लांबी २९.६९ मि.मी. धरता येते. मॅगझिनला असा सर्वमान्य दंडक नाही. नाटो देशांनी एम-१६ पद्धतीच्या मॅगझिनसाठी मानक करायला घेतले, त्याचा मसुदा झाला, पण त्याला अंतिम मान्यता मिळाली नाही. तरीही सगळे त्याला मानक म्हणूनच ओळखतात. जोडाचे माप न ठरवण्याची किंमत काय असते, हे फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरने पाहिले. शहर पेटले, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावत आले, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. पंधराशेंहून अधिक इमारती गेल्या. त्या बंबांपैकी एकही निकृष्ट नव्हता. पिस्तूल कंपन्यांनी निदान आपल्या बंद केलेल्या मॉडेलांची मॅगझिन-खाचेची मापे खुली करावीत, आणि बाहेरच्या उत्पादकांनी प्रत्येक मॅगझिनवर लॉट नंबर ठोकावा, ही मागणी त्यामुळे मला अवास्तव वाटत नाही. व्यापारी गुपिताचा आक्षेप चालू मॉडेलांपुरता मी समजू शकतो. बंद मॉडेलांना तो लावणे म्हणजे विहीर बुजवून दोर जपण्यासारखे आहे.

कायद्याने मात्र या वस्तूकडे फक्त एका अंगाने पाहिले. १३ सप्टेंबर १९९४ ला अमेरिकेत दहाहून अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांसाठी बनवण्यावर बंदी आली आणि बरोबर दहा वर्षांनी ती संपली. त्या दहा वर्षांत जुन्या मोठ्या मॅगझिनांचे भाव चढले, लोक झिजलेले ओठ आणि बसलेल्या स्प्रिंगा सांभाळत राहिले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात न्यायालयाच्या निर्णयाने त्या राज्याची स्वतःची अशीच बंदी २९ मार्च ते ५ एप्रिल एवढा आठवडाभर उठली, तेव्हा लोक खरेदीवर तुटून पडले. अशा गर्दीत ओठांची रुंदी कोण मोजणार? बंदी असावी की नसावी यावर मला मत आहे, असावी असे ते आहे. पण आत किती काडतुसे मावतात हे काटेकोर मोजणाऱ्या कायद्याने ती सुरळीत बाहेर येतात का, हे कधीच विचारलेले नाही.

इथे एखादा वाचक विचारेल, आणि तो प्रश्न योग्यच आहे, की अमेरिकी माणसाचे पिस्तूल नीट चालावे याची काळजी आपण का करावी? अडकले तर एक गोळी कमीच सुटेल. हा आक्षेप मी हलक्यावर घेत नाही. या विषयावर लिहावे की नाही याचा विचार करताना तो माझ्याही मनात होता. पण अडकलेले पिस्तूल निकामी झालेले पिस्तूल नसते. त्याच्या चेंबरच्या तोंडाशी जिवंत काडतूस तिरपे उभे असते, आणि ज्याच्या हातात ते आहे तो गोंधळलेला असतो. मॅगझिन ओढतो, स्लाइड खेचतो, नळी कुठे वळते आहे याचे भान सुटते. रेंजवर त्या सकाळी अधिकारी दोनदा ओरडला, आणि दोन्ही वेळा शेजारच्या गल्लीतला माणूस अडकलेले काडतूस काढताना नळी बाजूला फिरवत होता. वाईट हेतूच्या माणसाला रोखण्याचे काम खराब स्प्रिंगवर सोपवता येत नाही, कारण ती स्प्रिंग पोलिसाच्या मॅगझिनमध्येही असू शकते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे मॅगझिन क्लच केबलसारखे टेबलावर मांडून विकले जात नाही, आणि ते ठीकच आहे. ९ मि.मी. सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्याकडे बहुतेक वेळा असते ते .३२ बोअरचे पिस्तूल, एक तर सरकारी कारखान्याचे, नाही तर १९८०च्या दशकात आयात थांबण्यापूर्वीचे, कोण्या आजोबांकडून आलेले परदेशी. हे काडतूसही ब्राउनिंगचेच, १८९९ चे, आणि त्याची कड बुडापेक्षा किंचित रुंद आहे: बूड सुमारे ८.५५ मि.मी., कड ९.१. मॅगझिन भरताना किंवा धक्क्याने वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत असे अडकतात की स्प्रिंगने कितीही रेटले तरी वरचे पुढे सरकत नाही; मॅगझिन काढून हातानेच सोडवावे लागते. आखूड काडतूस घेतले किंवा मॅगझिन आतून थोडे लांब निघाले की ही शक्यता वाढते. म्हणजे जिथे मॅगझिनच्या आतल्या मापाला सर्वांत जास्त महत्त्व आहे, नेमके तेच काडतूस आपल्या वाट्याला आले आहे. आणि अमेरिकी माणसाला मी वर सांगितलेली कसोटी, आकडे टाका, शेकड्यांनी गोळ्या झाडा, वही ठेवा, इथल्या परवानाधारकाला लावता येत नाही, कारण वर्षाला किती काडतुसे घ्यायची हे त्याच्या परवान्यावर लिहिलेले असते आणि बहुतेकांना जवळ रेंजही नसते. ती मोजणी त्याच्या वतीने कारखान्यानेच, मॅगझिन पाकिटात जाण्यापूर्वी, करायला हवी. आणि ती कोणत्या लॉटवर, किती फैरींची झाली, हे परवानाधारकाला पिस्तुलासोबत लेखी मिळायला हवे.